फणसाच्या वाटणीचं दूध

आमच्या गोठ्यामागच्या फणसाने माझं दूध माझ्या मुलांच्या आधी प्यायलं. हे मी सांगायला लागले की नातवंडं एकमेकांना कोपरं मारून हसतात. हसोत बापडी. त्याच फणसाचे गरे खाताना त्यांच्यातलं एकही हसत नाही, सगळ्यांची तोंडं भरलेली असतात.

मी मूळची खानापूरकडची. मराठी चार बुकं शिकले, तेवढ्यावर वडिलांना वाटलं की हिला आता पुष्कळ झालं, आणि त्यांनी मला कुंभारवाड्यापलीकडच्या रानातल्या एका वाडीत देऊन टाकलं. वाडी म्हणायची एवढंच. एका घराच्या अंगणातून दुसऱ्या घराचं छप्परसुद्धा दिसत नसे. शेजारणीशी भांडायचं म्हटलं तरी ओढा ओलांडून चढण चढावी लागे, आणि तिच्या दारात पोचेपर्यंत राग निवून जाई. माझा स्वभाव पाहता हे बरंच झालं.

घरात आम्ही तीन माणसं. सासू, आमचे हे आणि मी. सासरे माझ्या लग्नाआधीच गेले होते. पावसाळ्यात भात लावायचा, सुगी उरकली की ह्यांनी जंगलातले सागाचे ओंडके बैलगाडीने लोंढ्याच्या स्टेशनावर पोचवायचे. बाकी आमचं जग गोठा, खळं आणि परसातली कंदांची वाफी एवढ्यात मावत असे.

आमच्याकडे सून सासूला आत्ती म्हणते. मीही म्हणू लागले. पण लग्नानंतर पहिल्याच दिवशी जेवताना हे म्हणाले, "आत्ती, भाकरी वाढ," आणि माझा घास हातातच राहिला. म्हटलं, मी ह्या घरची सून, तर हे कोण? घरजावई की काय? स्वतःच्या आईला हा माणूस आत्ती कसा म्हणतो? माझी नणंद गुंदला दिलेली. ती माहेरी आली की ह्याच बाईला सरळ "आई" म्हणून हाक मारायची. मी ह्यांना विचारलं, तर म्हणाले, "लहानपनापासनं तसंच म्हनतोय की," आणि बैलांना पेंढा घालायला निघून गेले. अवघड प्रश्न आला की त्यांच्या बैलांना नेमकी भूक लागायची. मीही नाद सोडला.

मग मला दिवस गेले. पोट असं वाढलं की मला माझी पावलं दिसेनात. आत्ती म्हणायच्या, "रानातले कंद लई खाल्लेस, ते पोटात वाढालेत." मी कंद सोडले, पोट काही थांबलं नाही. भात मळून झालं, खळं झाडून झालं, आणि एका सकाळी माझी मुलगी जन्माला आली. तिचा आवाज ओढ्यापलीकडे ऐकू गेला असं पुढे शेजारीण सांगायची. सुईण हात धुवायला उठली होती, ती पुन्हा खाली बसली. म्हणाली, "थांब गं बाई, अजून हाय एक."

दुसरा मुलगा. तो रडला नाही, नुसता कण्हला. बहिणीचं बोचकं घेऊन मागून चालत आल्यासारखा दमून गेला होता. आत्तींनी दारातून ह्यांना सांगितलं, मुलगी झाली. हे हसले. सांगितलं, मुलगाही झाला. तेव्हा हे अंगणातच खाली बसले आणि म्हणाले, "अजून किती हाईत?"

इथून पुढे आत्तींचं राज्य सुरू झालं. त्यांचा मुख्य कायदा असा, की बाळंतिणीचा पहिला चीक वाईट, तो मुलाच्या पोटात जाऊ द्यायचा नाही. तो पिळून काढायचा, कांशाच्या वाटीत धरायचा आणि ज्या झाडाला चीक असतो अशा झाडाच्या बुडाशी नेऊन ओतायचा. जमिनीवर सांडलं आणि माणसाचा पाय पडला तर दूध आटतं. मुंगीने चाखलं तर दूध आटतं. झाडाला दिलं तर मात्र वाढतं, कारण झाड आपल्याच जातीचं. आमच्या परसात चिकाचं झाड म्हणजे तो फणस. तेव्हा सुरुवातीचं सगळं दूध त्याला मिळालं आणि माझी मुलं बोटावरचा मध चाटत पडली.

चीक संपला, पांढरं दूध आलं, तशी दुसरी भानगड पुढे आली. जुळ्यांच्या वाटण्या करायच्या असतात. उजवी बाजू थोरलीची, डावी धाकट्याची. अदलाबदल करायची नाही. केली, तर मोठेपणी भावंडं वाटणीवरून डोकी फोडतात.

थोरली तशी कष्टाळू निघाली. उजवीकडे लावली की पाणी ओढणाऱ्या बैलासारखी मान खाली घालून कामाला लागायची, आणि संपलं की डावीकडे बघून ओठ चोखायची. धाकट्यात तेवढी ताकदच नव्हती. दोनदा ओढायचा, तिसऱ्यांदा झोपायचा. गाल टिचकवा, तळवे चोळा, तो झोपलेला. शेळीचं दूध कापसाच्या बोळ्याने घालून पाहिलं, तर सगळं ओकून टाकलं. इकडे त्याच्या वाटणीची डावी बाजू भरून भरून दगड व्हायची. मला ताप चढायचा. मग आत्ती शेक द्यायच्या, आपल्या हाताने पिळून वाटीभर दूध काढायच्या, आणि वाटी घेऊन मागच्या दाराने फणसाकडे चालू लागायच्या.

हे मी बाजेवर पडून बघत असे. वाटी माझ्यासमोरून चाललेली, आणि ज्याच्या वाटणीचं ते दूध, तो माझ्या मांडीवर तोंड वासून पडलेला. एकदा, दोनदा पाहिलं. मग मला राहवेना.

"आत्ती," मी म्हटलं, "ते झाडाला कशाला घालताय? बोंडल्यानं ह्याला घालू की."

बोंडलं म्हणजे बाळांना औषध पाजायचं चोचीचं छोटं भांडं. ते आमच्या फळीवर होतंच.

आत्ती दारातच थांबल्या. "भांड्यातलं दूध लेकराच्या पोटात गेलं की थानाला कळतंय," त्या म्हणाल्या. "मग थान रुसतंय. म्हनतंय, हितं भांडं हाय, तर माझं काय काम?"

"आणि फणसाच्या पोटात गेलेलं कळत न्हाई व्हय त्याला?"

"झाडाला काय तोंड हाय का?"

मी दुसरीकडून गेले. म्हटलं, "मग डावीकडचं थोरलीला पिऊ दे. ती बघा कशी बघालीया. झाडापेक्षा पोरीच्या अंगाला लागू दे."

"आणि मोठेपनी बांधावरनं भांडू देत?"

"अवं आत्ती, पोरगी ती. लग्न होऊन जानार. तिला कसला बांध?"

"मग भाऊबीजेला यायची न्हाई," आत्ती म्हणाल्या आणि वाटी सांभाळत फणसाकडे गेल्या.

मी ह्या बाईवर रागावले होते, पण ती दुष्ट नव्हती हे मला तेव्हाही कळत होतं. थोरलीला त्या आंघोळ घालून मोकळ्या व्हायच्या. धाकट्याला मात्र सुपात मऊ चिरगुटं घालून चुलीच्या उबेला ठेवायच्या आणि येता-जाता त्याच्या नाकापुढे बोट धरून श्वास बघायच्या. तो दिवसेंदिवस वाळत चालला होता. मांड्यांची कातडी सैल पडली होती, रडणं मांजराच्या पिल्लाएवढं झालं होतं. मला भीती वाटत होती. ती मी कुणाला बोलून दाखवत नव्हते, कारण बोलले तर खरी होईल असं वाटे.

मग आत्तींनी एक दिवस शेगडीतले निखारे हलवता हलवता सांगितलं, "गुंदला सांगावा धाडलाय. बारशाला वन्सं येतील तुझ्या. जाताना ह्याला घेऊन जातील."

नणंदेचं मूल अंगावर पीत होतं आणि तिला दूध भरपूर, हे आम्हाला ठाऊक होतं.

"किती दिवस?" मी विचारलं.

"दिवस काय घेऊन बसलीस? चांगला हिंडाय-फिराय लागंस्तवर. जगंल तरी."

जगेल तरी, हे खरंच होतं. म्हणून तर मला काही बोलता येईना. गुंदची वाट तेव्हा गच्च रानातली. गवे आडवे यायचे, पावसाळ्यात ओढे भरले की माणूस महिनोन्‌महिने इकडचा तिकडे जात नसे. त्या वाटेने गेलेलं मूल दूध पिऊन लगेच परत येईल, असं कोण म्हणेल?

हे संध्याकाळी घरी आले, तेव्हा मी त्यांना गाठलं. बैल आधीच खाऊन बसले होते, त्यामुळे पळायला जागा नव्हती.

"तुमी काय म्हनता?"

ह्यांनी बराच वेळ धाकट्याच्या पावलाचा अंगठा चोळला. म्हणाले, "मी बी तसाच वाढलोय की."

आणि मग मला ती जुनी गोष्ट कळली. हे जन्मले तेव्हा आत्तींना ताप धरला आणि दूध गेलं. आत्तींच्या भावाने पोराला उचलून आपल्या घरी नेलं, त्याच्या बायकोने पाजलं. हे त्या मामीलाच आई म्हणत वाढले. मामाची मुलं आत्तींना आत्ती म्हणायची, म्हणजे त्यांची ती आत्याच, म्हणून हेही आत्ती म्हणायचे. चांगले शेळ्या राखण्याएवढे झाल्यावर परत आले. "तवर जीभ वळली व्हती," हे म्हणाले. "मागनं लई लाज वाटायची. आई म्हनायला तोंड उघडायचो, आन् आत्तीच बाहेर पडायचं."

मी मनात हिशेब मांडला. नणंदेची मुलं मला काय म्हणतात? मामी. म्हणजे हा गुंदला वाढला की मलाही मामी म्हणणार. कधी सणाला येईल, दारात लाजून उभा राहील, आणि ह्या घरची भाकरी मला मामी म्हणून मागेल. बाळंतपणात मी एकदाही रडले नव्हते, त्या संध्याकाळी रडले. तेही दुःखाने कमी, रागाने जास्त.

ह्यांना रडणं बघवत नसे. दुसऱ्या दिवशी ते ओढ्याकाठी उतरलेल्या वैदूंकडून काहीतरी धोतरात लपवून घेऊन आले. बैलाचं शिंग. तुंबडी! अंगातलं वाईट रक्त ओढून काढायला वैदू लावतात ती.

"ही रगत वडती," हे कुजबुजले. "मग दूध का न्हाई वडनार? आत्तीला कळू न देता काढायचं आन् पोराला घालायचं."

युक्तीत तसा दम होता. आत्तींच्या हाताला दूध काढायची कळ होती. माझ्या हाताने मी पिळायला गेले की वाटीत चार थेंब आणि डोळ्यांत वाटीभर पाणी. पण ते काळं शिंग बघून माझ्या अंगावर काटा आला. मी म्हटलं, "आधी तुमी लावून बघा."

हे शब्दाचे पक्के. त्यांनी गोठ्यात जाऊन ते आपल्या पोटाला लावलं आणि वैदूसारखं तोंडाने ओढलं. ते कसं ओढलं, एवढे वाकले कसे, हे मला आजही कळलेलं नाही. पोटावर बेंबीशेजारी जांभळा गोल वळ उठला. पुढे ओंडके चढवताना ह्यांनी अंगरखा काढला, तेव्हा गाडीवानांनी विचारलं की हे कशाने झालं, तर हे म्हणाले, "मुंगळा चावला." तेवढा मोठा मुंगळा कुठल्या रानात असतो, हे सगळे कितीतरी दिवस शोधत होते.

शिंग परत गेलं. आणि मग मला बाटली सापडली.

ती होती ह्यांनी लोंढ्याच्या बाजारातून आणलेली, रुंद तोंडाची, जाड काचेची. रानातला मध भरायला. मुलांना चाटवलेला मध तिच्यातलाच. तो संपला होता आणि तळाला साखर धरली होती. एका दुपारी आत्ती खळ्यावर तांदूळ पाखडत होत्या. मला बाजेवरून उतरायची बंदी होती, पण शेकाचं ऊन पाणी हाताशी होतं. म्हटलं, पडल्या पडल्या बाटली तरी धुवावी. ऊन पाणी घातलं, खळखळवलं, ओतून टाकलं, आणि तोंडावर तळहात ठेवून धरला. जरा वेळाने हात काढायला गेले, तर बाटली हाताबरोबर उचलली गेली. तळव्याचं मांस आत ओढलं होतं.

मी बाटलीकडे पाहिलं. मग डावीकडे पाहिलं. चार बुकांत असलं काही शिकवलं नव्हतं, पण त्याला बुकं कशाला लागतात?

पुन्हा ऊन पाणी घातलं, ओतलं, तोंडाच्या कडेला गार फडकं फिरवलं, कारण भाजलं असतं तर आत्तींना काय सांगणार होते? आणि बाटली लावली. आधी काहीच नाही. मग बाटली गार होत गेली तशी ओढ लागली. जीव कळवळला, पण मग काचेच्या आत एक बारीक धार उडाली, मग दुसरी, मग तीन-चार एकदम. एवढे दिवस दगड झालेलं ते मऊ होत चाललं. मला इतकं हलकं वाटलं की मी एकटीच हसायला लागले.

हसू फार टिकलं नाही. बाटली निघेना. ओढली की मीच तिच्यामागे पुढे येत होते. इकडून फिरवली, तिकडून फिरवली, सोडायचं नाव नाही. आणि तेवढ्यात मागच्या दारात आत्तींची पावलं वाजली.

मी पदर ओढून घेतला आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

आत्तींच्या हातात शेगडी होती. त्यांनी ती खाली ठेवली. "पदराखाली काय हाय गं?"

"पोर," मी म्हटलं. "पियालंय."

"कुठलं?"

"धाकटं."

त्याच वेळी चुलीजवळच्या सुपात धाकटा शिंकला. त्या मुलाने जन्मल्यापासून कधी स्पष्ट आवाज केला नव्हता, तो नेमका आत्ता केला.

"न्हवं, थोरली," मी म्हटलं.

थोरलीने झोळीतून अशी किंकाळी फोडली की कोंबड्या फडफडल्या. तिला खोटं बोललेलं लहानपणापासून चालत नसे.

आत्ती जवळ आल्या आणि त्यांनी पदर उचलला. बाटली लोंबत होती, निम्मी भरली होती, आणि अजून एक धार उडत होती. आत्ती बघत राहिल्या. मी शिव्यांची वाट पाहत होते.

"निघत न्हाई व्हय?" त्या म्हणाल्या.

"न्हाई."

त्यांनी करंगळी बाटलीच्या कडेखाली सारली. फस्सकन वारा शिरला आणि बाटली सुटली. त्यांनी ती उजेडाला धरून बघितली, वरून तळहात झाकला, आणि सवयीने मागच्या दाराकडे चालू लागल्या. फणसाकडे!

मी सासूवर कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला. "आत्ती, ते त्याच्या वाटणीचं हाय! फणसाचं न्हवं! तुमचा एक गेला की मामाकडं, आता माझा बी घालवा!"

आत्ती उंबऱ्यात थांबल्या. त्यांची पाठ माझ्याकडे होती. मला बोलल्याचा पस्तावा झाला नाही, आजही नाही. पण त्या वळल्या नाहीत, बाहेर गेल्या, आणि मी बाजेवर बसून थोरलीबरोबर रडू लागले. दोघींचा सूर छान जमला होता.

बऱ्याच वेळाने आत्ती परत आल्या. बाटली तशीच होती, निम्मी भरलेली.

"झाडाला सांगून आले," त्या म्हणाल्या. "म्हटलं, तू जून झालास, पानी वडून खाशील. हे पोर न्हाई वडू शकत."

मग त्यांनी फळीवरून बोंडलं काढलं, उकळत्या पाण्यातून बुडवून घेतलं, आणि सुपातल्या पोराला मांडीवर घेऊन बसल्या. मी हात पुढे केला, तर म्हणाल्या, "तुला न्हाई जमायचं, ठसका लावशील." त्याच्या ओठाच्या कोपऱ्यातून थेंब सोडला. तो गिळला. दुसरा सोडला. तोही गिळला. निम्मं बोंडलं संपलं आणि ओकारी आली नाही. आत्तींनी त्याला खांद्यावर घेतलं, तेव्हा त्याने बेताची ढेकर दिली.

"आन् थान रुसलं तर?" मी विचारलं. विचारायला नको होतं, पण माझा स्वभाव.

"रुसू दे. त्याची समजूत मी काढते," आत्ती म्हणाल्या.

त्यानंतर घराचा दिवस बाटलीभोवती फिरू लागला. पाणी तापव, बाटली धू, कड गार कर, लाव, करंगळीने सोडव, बोंडल्याने पाज. एक पाजून झालं की दुसरं उठायचं, दुसरं झोपलं की बाटलीची वेळ. मला वाटे, मी बाई नसून गोठा आहे आणि सगळ्यांची धारेची वेळ एकच आहे. पोटभर प्यायलेल्या थोरलीचा राग वेगळाच, भावाला चोचीच्या भांड्यातून मिळतं आणि आपल्याला नाही. धाकट्याचं रडणं मांजराच्या पिल्लावरून हळूहळू बोक्यावर आलं. आत्ती फणसाला रोज तांदळाचं धुवण घालू लागल्या, त्याला वाईट वाटू नये म्हणून.

पण गुंदचा विषय आत्तींनी काढला नाही. मीही काढला नाही. सांगावा गेलेला होता, तो कुणी परत घेतला नव्हता. पोराने बाळसं धरलेलं नव्हतंच, नुसता मरणाच्या दारातून उंबऱ्याच्या आत आला होता. बाटली किती दिवस चालेल, दूध खरंच आटलं तर काय, हे मलाही सांगता आलं नसतं. आत्ती त्याची चिरगुटं धुऊन वेगळी घडी करून ठेवत होत्या. ती कशासाठी, हे विचारायचं मला धाडस नव्हतं. मी, जी कुणालाही काहीही विचारते.

बारशाला नणंद आली. पाठीला स्वतःचं मूल बांधलेलं, डोक्यावर टोपली, टोपलीत आमच्यासाठी खोबरं आणि ह्या पोराला घालायला मऊ लुगड्याचा तुकडा. आत्याचा मान तिचा, तिने दोघांच्या कानात नावं सांगितली, बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, शेजारणीने तर जुना हिशेब चुकता केल्यासारखा घातला. नावं इथे लिहीत नाही. दोघंही भांडखोर आहेत, उगाच माझ्यावर येतील.

भात जेवून झाला. बायका गेल्या. नणंदेने ऊन उतरायच्या आत निघायचं म्हणून टोपली आवरली, आपलं मूल पाठीला बांधलं, आणि लुगड्याचा तुकडा पसरून धाकट्याला त्यात गुंडाळून पुढे छातीशी घेतला. हे दारात उभे होते. बैलांना खायला घातलेलं होतं. मी बाजेची कड धरून बसले होते. आयुष्यात एवढी गप्प मी त्याच दिवशी होते.

"आण त्याला हिकडं," आत्ती म्हणाल्या.

"कशाला गं आई? आता निजलाय."

"बोंडल्याची येळ झाली त्याची."

"वाटंत मी पाजते की."

आत्तींनी तिच्या छातीवरून त्याला काढून घेतलं, आणि चिरगुटं घडी करून ठेवलेल्या सुपात नेऊन ठेवलं. म्हणजे ती चिरगुटं त्यासाठी होती.

"आई, मग न्यायचं न्हाई व्हय? सांगावा तूच धाडलास की."

"धाडला व्हता," आत्ती म्हणाल्या. "चुकलं माझं. एक दिला तेवढा बास झाला. त्यो अजून मला आत्ती म्हनतोय."

ह्यांनी मान खाली घातली. मग वर केली, तोंड उघडलं, आणि मला दिसलं की ते तो दुसरा शब्द ओठांवर आणायचा प्रयत्न करत आहेत. कपाळावर घाम आला.

"आत्ती," हे म्हणाले, "बाटलीला पानी तापवू?"

"तापव," आत्ती म्हणाल्या.

मी तेव्हा रडले, आणि ह्या वेळी त्यात राग नव्हता. नणंद पाठीचं मूल सोडून पुन्हा खाली बसली. म्हणाली, "एवढं रान तुडवून आले, ती काय रिकामी जाऊ व्हय?" आणि तिने धाकट्याला पदराखाली घेऊन आपली एक बाजू पोटभर पाजली. तिच्याकडे त्याला ओढायलाही लागलं नाही, आपसूकच येत होतं. त्याचे डोळे मोठे झाले. मला जरा हेवा वाटला, पण बिचारीला तेवढा मान द्यायलाच हवा होता.

पाऊस सुरू व्हायच्या बेताला धाकटा आपणहून ओढू लागला आणि बाटली पुन्हा मधाची झाली. थान काही रुसलं नाही. त्या वर्षी फणसाला बुडाशी, जमिनीलगत फणस लागले, आणि आत्ती जो येईल त्याला नेऊन दाखवत. दोन्ही भावंडं मोठेपणी भांडली ती भांडलीच, वाटणी कितीही काटेकोर केली असली तरी. भाऊबीजेला मात्र थोरली कधी चुकली नाही.

हे अखेरपर्यंत आईला आत्तीच म्हणत राहिले. मीही म्हणत होते. आईबाप दोघंही तेच म्हणतात, म्हणून पोरंही बोलायला लागल्यावर तेच म्हणणार, ह्यात नवल नव्हतं. थोरलीने म्हटलं, आत्तींनी ऐकून घेतलं. मग एक दिवस धाकटा त्यांच्या गुडघ्याला धरून उभा राहिला आणि म्हणाला, "आत्ती, भाकली."

आत्तींनी त्याच्या ढुंगणावर एक चापट दिली आणि लगेच त्याला उचलून कडेवर घेतलं.

"आजी म्हन," त्या म्हणाल्या. "तू न्हाई मला आत्ती म्हनायचं. फणसाच्या तोंडचं काढून तुला पाजलंय मी."